परत आलेल्या गाद्या

१

गादीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला लोकांविषयी जेवढं कळतं, तेवढं डॉक्टरलाही कळत नसेल. डॉक्टरपुढे माणूस जपून बोलतो. गादी घेऊन येतो तेव्हा मात्र त्याला वाटतं, ह्यात काय लपवायचंय, जुनी झाली, कापूस बसला, पिंजून द्या म्हणावं. आणि न बोलता सगळं सांगून जातो.

शेठ शाळा अर्धवट टाकून ह्या धंद्यात पडले होते. दुकान चौकाच्या कोपऱ्यावर. पुढे विक्री, मागे पिंजण्याची खोली, तिच्यामागे अंगण आणि वर राहायचं घर. सकाळी फळ्या उघडल्या की दारातल्या बाकावर ओला कपडा फिरवायचा, मग ढिगात कोपरापर्यंत हात घालून कापूस दमट लागतो का बघायचं, मग समोरच्या न्हाव्याला "काय, उघडलं का?" असं विचारायचं. उघडलेलं दिसतच असायचं, पण विचारल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

गादी आली की शेठ ती आधी फळीवर पसरायचे आणि नुसती बघायचे. खळगा कुठे पडलाय, किती खोल, कोणत्या अंगाला. एकदा एक जोडपं लग्नातली मोठी गादी घेऊन आलं. दोन्ही काठांना दोन चर, आणि मधली जागा अशी कोरी की जणू कालच भरलेली. भरताना त्यांनी दोन्ही काठ चांगले फुगवले आणि मधे कापूस अंमळ कमी घातला. दोघं आपोआप मधे घरंगळली. पुढच्या खेपेला पाळण्यातली गादी न्यायला आली. ही गोष्ट शेठ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगत, आणि प्रत्येक वेळी काठ थोडे जास्त फुगत.

धंद्यात नियम एकच होता, वडिलांपासून चालत आलेला. ज्या गादीवर माणूस गेलं, तिचा कापूस पुन्हा ढिगात घ्यायचा नाही. मागच्या अंगणात नेऊन जाळून टाकायचा. वडिलांनी कारण सांगितलं नव्हतं आणि शेठनी विचारलं नव्हतं. अशा पुष्कळ गोष्टी धंद्यात असतात, विचारल्या की उगाच लांबतात.

हा नियम शेठनी एकदाच मोडला, बायकोच्या गादीच्या वेळी.

ती बरीच आजारी होती. हसतमुख बाई, देवाचं करणारी. आयुष्यभर झोप कधी पुरली नाही तिला. आधी सासूचं दुखणं, मग लेकीचं रडणं, मग दुकानाची सकाळ. उंदरानं कागद कुरतडला तरी उठून बसायची. शेवटच्या दिवसांत एकदा म्हणाली, "अहो, एक ऐका. मी गेले की मला मागे ओढू नका. आठवण काढा, पण हाका मारू नका. देवाकडे जाऊन मला एकदाचं पोटभर झोपायचंय."

"झोप ना," शेठ म्हणाले. "तुला उठवायची माझी कधी छाती झालीय?"

ती हसली. काही दिवसांनी गेली.

तिची गादी अंगणात नेली, काड्याची पेटीही नेली. पण तो कापूस तिनं स्वतः निवडलेला होता. चिमूट चिमूट उन्हाकडे धरून, पिंजाऱ्याशी वाद घालून. तो पेटवायचा म्हणजे तिला पुन्हा एकदा पोचवायला जाण्यासारखं होतं. शेठच्यानं ते झालं नाही. त्यांनी खोळ उसवली, कापूस यंत्रात घातला आणि मोठ्या ढिगात मिसळून टाकला. इतक्या ढिगात एवढासा कापूस म्हणजे काय? चार लोकांच्या अंगाखाली जाईल, कुणाला तरी बरी झोप लागेल. तिला आवडलं असतं. असं म्हणून त्यांनी हात झटकले.

त्या दिवसापासून त्यांनी तिला हाक मात्र मारली नाही. घरात एकट्यानं बोलायची सवय होती, ती मोडली. जेवताना पाणी हवं असलं तर उठून घ्यायचे, पण तोंडातून "अगं" निघू द्यायचे नाहीत. शब्द दिलेला होता.

२

पहिली गादी परत आणली ती समोरच्या न्हाव्यानं. डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला आणि फळीवर टाकून म्हणाला, "शेठ, हल्ली गादीबरोबर सोबतही फुकट देता काय?"

"का? काय झालं?"

"मी भिंतीकडे झोपतो. लहानपणापासून. आणि खळगा बघा कुठे पडलाय."

न्हावी एकटाच राहायचा. लग्न ठरलं, मोडलं, परत ठरवायचं राहून गेलं. आता गिऱ्हाइकांच्या लग्नांच्या गप्पा मारण्यात त्याचं भागत होतं. गादी अजून नवीच म्हणायची. भिंतीकडच्या बाजूला त्याचा ऐसपैस खळगा होता, मोठ्या माणसाचा, हातपाय पसरलेला. आणि बाहेरच्या काठाला दुसरा.

तो लहान होता. कुशीवर झोपलेल्या माणसाचा. एक गुडघा पोटाशी घेतलेला. आणि खाली, सगळ्यापासून सुटा, एक खोल वाटोळा खड्डा. टाच रुतवून ठेवल्यासारखा.

शेठनी चष्मा पुसला.

त्यांच्या बायकोच्या पोटरीत गोळे यायचे. झोपेत ती उजवी टाच गादीत घट्ट रोवून ठेवायची. घरच्या गादीची खोळ त्याच जागी विरायची, तिथे दरवर्षी ठिगळ लावावं लागायचं. दुकानदाराच्याच गादीला ठिगळ म्हणून पिंजारी हसायचा.

"दमट कापूस असणार," शेठ म्हणाले. "भरताना एका अंगाला कमी पडला की असं होतं. कापूस बसतो."

"टाच लावून बसतो का?"

"तुला कुणी सांगितलं ती टाच आहे म्हणून?"

"रोज लोकांची डोकी हातात घेतो मी, शेठ. बाकीचं अंगही ओळखीचं असतंच की." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "तक्रार नाही हो माझी. झोप उत्तम लागते. आपलं सांगावं म्हटलं."

शेठनी दाभण घेतलं आणि त्या जागी जवळजवळ टाके घालायला सुरुवात केली. न्हावी बघत उभा राहिला.

"अगदी बुजवू नका," तो म्हणाला. "सवय झालीय."

३

दुसरी गादी आणली ती निवृत्त मास्तरीणबाईंनी. म्हणजे हमालाकडून आणवली. स्वतः छत्री टेकत मागून आल्या. बाई कडक. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, आणि उरलेल्या अर्ध्याला शिकवायचं राहून गेल्याचा राग चेहऱ्यावर.

"ही गादी माझ्या पाहुण्यांच्या खोलीतली," त्या म्हणाल्या. "तिथे कुणी झोपत नाही. पाहुणे मी येऊ देत नाही."

"मग गादी कशाला घेतलीत, बाई?"

"खोली रिकामी बरी दिसत नाही म्हणून. ते जाऊ दे. हे काय आहे?"

ह्या गादीत सगळं नव्हतं. एक खांदा होता आणि त्याच्या वर गाल टेकल्याची उथळ जागा. बाकी गादी सपाट, पोळपाटासारखी. शेठनी तळहात ठेवला. खांद्याची जागा कोमट होती.

"उन्हातून आणली ना," ते म्हणाले.

"आज ऊन नाही," बाई म्हणाल्या. "मला गादी बदलून नकोय. मला कारण हवंय. सापडलं की कळवा." आणि गादी तिथेच ठेवून गेल्या.

शेठनी ती पिंजण्याच्या खोलीत नेऊन भिंतीशी आडवी ठेवली. दुपार झाली. दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावल्या, पिंजारी जेवायला गेला, यंत्र थांबलं. शेठ पुढच्या बाकावर आडवे झाले. चौकात एक सायकल गेली, मग काहीच गेलं नाही.

माणूस उठलं की गादी सुस्कारा सोडते. दबलेला कापूस मोकळा होतो, हवा आत घेतो, आणि बारीकसा आवाज होतो. सरावाचा कान नसेल तर तो कळतही नाही. शेठचा कान सरावाचा होता. मागच्या खोलीतून तो आवाज आला, सावकाश, जड अंग उठावं तसा. थोड्या वेळानं पुन्हा कुणीतरी टेकलं.

त्यांनी स्वतःला समजावलं. कापूस हवा धरतो. दुपारी हवा बदलते. इतकी वर्षं दुपारी हवा बदलत होती आणि इतकी वर्षं आपण कधी ऐकलं नाही, हा मुद्दा त्यांनी स्वतःशी काढला नाही. उठले, दारापर्यंत गेले. खोलीत कुणी नव्हतं. यंत्रावर कापसाची पिसं. ढिगाच्या पायथ्याशी पिंजाऱ्याची रिकामी चटई. भिंतीशी ती गादी, आणि गादीत आता खांदा उलट्या बाजूला होता.

भिंतीकडे तोंड असलेल्या माणसानं दाराकडे कूस बदलावी, तसा.

शेठ तिथे बराच वेळ उभे राहिले. घाबरले होते, पण पळावंसं वाटत नव्हतं. लक्षात आलं तेव्हा ते श्वास हळू घेत होते. झोपलेलं माणूस जागं होऊ नये म्हणून आपण घेतो तसा.

४

खरं सांगायचं तर त्यानंतरचे दिवस शेठचे फार बरे गेले. खाल्लेलं अंगी लागलं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आवाज चांगला येतोय तुमचा." आणि ह्याच बरेपणाची त्यांना भीती वाटायला लागली.

देवावर त्यांचा विश्वास होता, तो व्यापाऱ्याचा. इकडून माल रवाना केला की तिकडे उतरवून घेणारा कुणीतरी उभा आहे, हा भरवसा. आई गेली, वडील गेले, थोरला भाऊ गेला. प्रत्येक वेळी ते रडले आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी फळ्या उघडल्या. गेलेलं माणूस परत येत नाही ह्याचं दुःख असतं, पण त्यातच एक निवांतपणाही असतो. परत येत नाही म्हणजे पोचलं. आणि आता मेलेलं माणूस परत येऊ शकतं असं निघालं, तर पोचलेलं कोण? ती देवाकडे झोपली असेल म्हणून रोज सकाळी हात जोडत होते, आणि ती इथे न्हाव्याच्या गादीच्या काठावर, मास्तरीणबाईंच्या रिकाम्या खोलीत, तुकड्या तुकड्यानं पडून होती. तिनं एकच मागितलं होतं, मागे ओढू नका. आणि त्यांनी तिला यंत्रात घालून गावभर वाटलं होतं.

पिंजारी त्यांच्या बरोबरीचा, किंबहुना थोडा मोठाच. सगळे त्याला मामा म्हणत.

"मामा," शेठ एकदा म्हणाले, "तुमचा देवावर विश्वास आहे का हो?"

"यंत्र बंद पडतं तेव्हा असतो."

"मेलेलं माणूस परत येतं?"

"माझी सासू आली नाही. तिची फार इच्छा होती."

"चेष्टा नको. कापसात माणसाचं काही राहतं का?"

मामांनी यंत्राचा पट्टा सारखा केला. "राहतं की. घाम राहतो, केस राहतात. एकदा अख्खी कवळी सापडली होती. मालक दोन गल्ल्या पलीकडे बोळक्यानं हसत होता. बाकी कापूस तो कापूस, शेठ. मेलं ते मेलं."

"मग तुम्ही दुपारी ढिगाशी झोपायचं का सोडलंत?"

"गरम होतं तिथे."

"हिवाळ्यात?"

"हिवाळ्यातच गरम होतं असं म्हणतोय मी." मामांनी पट्टा पुन्हा एकदा ओढून बघितला. मग पट्ट्याकडेच बघत म्हणाले, "परवा पडलो होतो. शेजारी कुणीतरी कूस बदलली. मला वाटलं, बायको आहे. म्हटलं, झोप गं. मग आठवलं, मी दुकानात आहे."

दोघंही ढिगाकडे बघायला लागले. ढीग नेहमीसारखा पांढरा, गप्प.

"वहिनींचा कापूस ह्याच्यात घातला होतात ना तुम्ही," मामा म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"सगळा गोळा करतो," शेठ म्हणाले. "ह्या ढिगातून जेवढ्या गाद्या गेल्या, तेवढ्या परत आणतो. आणि मग नियमाप्रमाणे करू. तिला सोडायला हवं, मामा."

"माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर," मामा म्हणाले. "पण हातगाडी सांगून ठेवतो."

५

कुणाला कोणती गादी दिली हे शेठना तोंडपाठ होतं. चेहरा आठवला की खोळीचा रंग आठवायचा. एकेकाच्या दारात जाऊन ते सांगत, कापूस वाईट निघाला, बदलून देतो, नवी गादी घ्या. असला दुकानदार लोकांनी पाहिला नव्हता. एकानं संशयानं नवीच गादी हुंगून बघितली.

न्हावी मात्र अडून बसला.

"माझी राहू दे ना, शेठ."

"कापूस वाईट आहे रे."

"असू दे. हल्ली मी वेळेवर घरी जातो. भांडी घासून ठेवतो. घोरत असेन म्हणून कुशीवर झोपतो. एकट्या माणसाला कुणाची तरी भीड पडावी ही केवढी चैन असते, तुम्हाला नाही कळायचं."

"कळतं," शेठ म्हणाले.

न्हाव्यानं त्यांच्याकडे बघितलं. रोज दाढी करायचा तो त्यांची. चेहरा त्याला पाठ होता. काय कळलं कुणास ठाऊक, पण त्यानं स्वतःच गादी गुंडाळली, आणि गुंडाळताना बाहेरचा काठ हलक्या हातानं धरला.

मास्तरीणबाईंची गादी दुकानातच होती, पण त्यांना सांगायला जाणं भाग होतं.

"कारण सापडलं?"

"सापडलं, बाई. कापूस वाईट होता."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. लहानपणी यायचं का?" बाईंनी छत्री उगाच ह्या हातातून त्या हातात घेतली. "त्या खोलीत मी दुपारी वाचत बसायला लागले होते. मोठ्यानं वाचायचे. शाळा सुटल्यापासून कुणाला वाचून दाखवलं नव्हतं." मग आवाज नेहमीचा करून म्हणाल्या, "नवी गादी नको मला. ती खोली रिकामीच बरी."

खोळी उसवल्या तेव्हा आत नुसता कापूस निघाला. आकार असतो तो गादीला, कापसाला कुठला? मामा आणि शेठ दोघांनी मिळून तो अंगणात रचला, उरलेला ढीगही त्याच्यावर आणून टाकला. मामांनी काड्याची पेटी काढली.

"थांबा," शेठ म्हणाले. "एक राहिलीय."

लेकीला बाळ होणार म्हणून त्यांनी एक छोटी गादी स्वतःच्या हातानं भरून पाठवली होती. आई गेली त्या दुःखात लेकीनं काही मागितलं नव्हतं, म्हणून शेठनी न मागता दिली होती. त्याच ढिगातून. आता नात तिच्यावर झोपत होती.

"एवढीशी गादी," मामा म्हणाले. "तिच्यात असा कितीसा कापूस असणार?"

"अर्धी सोडून कसं चालेल, मामा? गेली तर सगळी जायला हवी. नाहीतर तिथे जाऊनही तिची झोप मोडतच राहील." आणि कोट घालता घालता म्हणाले, "मी आल्याशिवाय पेटवू नका."

६

लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. शेठ बसनं गेले. काखेत नवी छोटी गादी, हातात घडी केलेलं गोणपाट.

"बाबा? न सांगता?" लेकीनं दार उघडलं. "दुकान बंद ठेवून? बरं आहे ना तुम्हाला?"

"नातीला बघायला येऊ नये का?"

"बघायला येता तेव्हा आधी फोन करता, आणि फळं आणता. आज गोणपाट आणलंय."

मग शेठनी सांगितलं. कापूस वाईट निघाला, सगळ्यांच्या बदलतोय, तुझीही नेतो.

"नाही हं बाबा," लेक म्हणाली. "त्या गादीला हात लावायचा नाही. ही पोरगी दुसरीकडे ठेवली की किंचाळते. पलंगावर नाही, मांडीवर नाही, ह्यांच्या खांद्यावर तर नाहीच. तिथे ठेवली की दोन मिनिटांत गप्प. वाईट म्हणे. तसला वाईट कापूस असेल तर आम्हा दोघांनाही एक भरून द्या."

"ऐक तर..."

"ते मग बोलू. आलाच आहात तर जरा तिच्याजवळ बसा, मी डोक्यावरून अंघोळ करून घेते. किती दिवस झाले, केसांच्या नुसत्या जटा झाल्यात. उठलीच तर थोपटा. उठायची नाही."

न्हाणीघराचं दार लागलं. पाण्याचा आवाज सुरू झाला.

खोली लहान आणि उजेडाची होती. खिडकीत वाळत टाकलेली दुपटी, कोपऱ्यात पावडरीचा डबा, आणि खाली चटईवर ती गादी. शेठ तिच्याजवळ गुडघे मोडून बसले.

बाळ गादीच्या मधोमध नव्हतं. एका बाजूला, कशाच्या तरी आतल्या अंगाला असल्यासारखं झोपलं होतं. त्याच्या डोक्यामागून एक चर निघाला होता, पाठीला वळसा घालून पायांशी येत होता. वरचा भाग रुंद, मग एक कोपर, मग निमुळतं होत गेलेलं मनगट. एका माणसाचा हात. पाळण्याची गादी ती. तिच्यात माणूस मावणार नव्हतं. मावलं तेवढंच आलं होतं.

शेठनी ठरवलं होतं तसंच केलं. मन घट्ट करून बाळाला उचललं.

चर बुजला नाही. गादीनं सुस्कारा सोडला नाही. एक क्षण सगळं तसंच राहिलं, आणि मग मनगटाकडचा भाग हलला.

पांघरुणाखालून मांजर जावं तसं ते नव्हतं. तिथे काहीतरी वर उचललं जातं. इथे वर काहीच नव्हतं. नुसता दाब, खाली जाणारा, जागा बदलणारा. बाळ होतं त्या जागी चादर दबली. सुटली. थोडी पुढे दबली. झोपेतली बाई डोळे न उघडता शेजारी चाचपडते तसं. आधी सावकाश, खात्रीनं. मग बाळ शेठच्या हातात कुरकुरलं, आणि चाचपडणं जलद झालं. उशाशी, पायांशी, काठाशी. जिथे दबत होतं तिथे पाच छोटे खळगे उमटत होते आणि भरून येत होते.

शेठनी बाळाला घाईघाईनं परत ठेवलं.

ते सगळं त्याच्याभोवती येऊन थांबलं. कोपर वळलं. बाळानं एक उसासा टाकला आणि गप्प झालं.

न्हाणीघरात पाणी पडत होतं. शेठच्या मानेवर घाम आला होता, आणि तरी ओठांवर काहीतरी होतं, ज्याला हसूच म्हणावं लागेल. जिची झोप उंदरानं कागद कुरतडला तरी मोडायची, ती बाई घरात तान्हं बाळ असताना झोपून राहील अशी आशा देवानं तरी कशी धरावी?

पण विचारायला हवं होतं. चूक आपली होती.

"अगं," ते म्हणाले.

ती गेल्यापासून हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला. दाबून ठेवला होता, तरी तो अगदी रोजच्या आवाजात आला, जणू दुकानातून वर पाणी मागावं.

"अगं, बाकीचा सगळा कापूस गोळा केलाय. एवढाच राहिलाय. तुला जायचंय हे मला माहीत आहे. मीच अडकवलं तुला, माझ्याच्यानं पेटवलं गेलं नाही. तू म्हण फक्त. हिला मी नव्या गादीवर झोपवीन, रडली तर रडू दे, चार दिवसांत विसरेल. तुला मोकळं करतो."

आणि त्यांनी तळहात गादीच्या काठावर उताणा ठेवला.

बाळाच्या पायांशी चादर जरा सैल झाली. दाब काठाकडे सरकत आला, वाटेत थांबला, पुन्हा निघाला. मग शेठच्या तळहातावर वजन पडलं. कोमट, सुकं, बोटांत बोटं घालणारं. त्यांना दिसत काहीच नव्हतं. फक्त आपली बोटं आपोआप फाकलेली दिसत होती, आणि हाताचा मागचा भाग कापसात खोल जात होता.

ती पोचून परत आली होती, की वाटेतच राहिली होती, की दोन्हीकडे एकाच वेळी असता येतं, हे शेठना कळलं नाही. देवाला विचारायचं होतं तेही त्या घडीला आठवेना. एवढं खरं की बऱ्याच महिन्यांत त्यांना इतकं स्वस्थ वाटलं नव्हतं.

पाणी थांबलं. दार वाजलं. शेठनी हात मागे घ्यायला बघितला.

तो निघाला नाही.

त्यांनी पुन्हा, जरा जोर लावून बघितलं. चादर ताणली गेली, गादी हललीसुद्धा, पण पकड सैल झाली नाही. उलट बोटांमधली जागा आणखी भरली.

"बाबा, बाहेर या," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "चहा टाकतेय."

"तू घे. मला आत्ता उठता येत नाही."

"बोट धरलं का तुमचं?" लेक हसली. "एकदा धरलं की सोडत नाही हं ती. फार घट्ट धरते."

शेठनी बाळाकडे बघितलं. ते गाढ झोपलं होतं. त्याच्या दोन्ही मुठी हनुवटीखाली होत्या.

"असू दे," ते म्हणाले. "मला घाई नाही."